धाकट्यावर धुऊन मग थोरल्यांकडे

४ मार्च, सोमवार

ही वही वायरमनकाकांनी दिली. म्हणाले, रोज दोन-चार ओळी खरडत जा, हात वळतो आणि वाचनही सुधारतं. मी विचारलं, तपासणार का? तर म्हणाले, "तुझी वही, तुझं डोकं. मी कशाला बघू?" म्हणजे मनात येईल ते लिहायला मोकळीक आहे.

आज मी हॉलमधून मागच्या खोलीत आलो. आमचा धुलाईचा कारखाना. सहा हॉस्पिटलांचं कापड येतं, चादरी, गाऊन, ब्लँकेटं. हॉलमध्ये दहा मोठी मशीनं, एकेकात साठ किलो मावतं. आठ महिने मी तिथे ओले गठ्ठे ओढले. गेल्या आठवड्यात सहज बोलून गेलो की सहा नंबरचं मशीन पाणी जरा आधीच सोडतं, आवाजावरून कळतं. ते वायरमनकाकांच्या कानावर गेलं. काका पूर्वी इथे तारा जोडायचे, पुढे मशीनांचे प्रोग्राम लिहायला आपले आपण शिकले, पण नाव वायरमनच राहिलं. त्यांनी तपासलं तर माझं खरं निघालं. मग त्यांनी मला मोठ्या बाईंकडून मागूनच घेतलं. मोठ्या बाई म्हणजे कारखान्याच्या मालकीण. त्या म्हणाल्या, "दोन महिने बघू. जमलं तर ठेवू, नाही तर परत गठ्ठे."

संध्याकाळी ताईला फोन केला. घर इथून दोन दिवसांच्या प्रवासावर, पण तिचा टोमणा एका सेकंदात पोचतो. "ही कितवी नोकरी? आठवी?"

"नोकरी तीच गं. खोली बदलली."

"म्हणजे दाराजवळ सरकलास. पुढच्या महिन्यात दाराबाहेर."

तिचं काय चुकतंय? सहावीत शाळा सोडली, चार वर्षांत सात ठिकाणं सोडली. कुठेही तीन महिने झाले की पाय खाजायला लागतात. पण खोटं कशाला लिहू, या खोलीत मला राहायचंय. गठ्ठ्यांवर परत जायचं नाही म्हणून असेल, किंवा दुसरं काही असेल.

६ मार्च, बुधवार

खोलीत एक लहान मशीन आहे, आठ किलोचं. काका त्याला धाकटं म्हणतात आणि हॉलमधल्या दहांना थोरली. प्रोग्राम म्हणजे मशीनला ओळीखाली ओळ सांगून ठेवलेली कामं. पाणी घे, तापव, साबण सोड, फिर, विसळ, पिळ. काकांचा नियम एकच. काही बदलायचं तर धाकट्यात बदलायचं, फाटक्या चादरी घालून धुऊन बघायचं, जमलं तरच तो प्रोग्राम पेनड्राइव्हवरून थोरल्यांकडे न्यायचा. थोरल्यांच्या अंगाला परस्पर हात लावायचा नाही.

"धाकट्याच्या पोटात जे, तेच थोरल्यांच्या पोटात," काका म्हणाले. "फरक फक्त मापाचा." मापाची एक चिठ्ठी प्रत्येक मशीनमध्ये वेगळी असते. हे आठ किलोचं, ते साठचं, नऊ नंबरचा नळ मंद, असलं सगळं. ती चिठ्ठी ज्याची त्याच्याकडे राहते. बाकी प्रोग्राम सगळ्यांचा एक.

आणि नेण्याआधी वाचन. दोन्हीकडचा प्रोग्राम कागदावर छापायचा. मी धाकट्याची ओळ मोठ्यानं वाचायची, मग थोरल्याची तीच ओळ. आम्ही मुद्दाम बदल केला असेल तिथेच फरक यायला पाहिजे. दुसरीकडे कुठे आला तर थांबायचं. अक्षरं इंग्रजी, त्यातले शंभरेक शब्द काकांनी मला चित्रासारखे पाठ करायला लावलेत. ओळी चारशे! काका खुर्चीत डोळे मिटून, एक प्रत मांडीवर. मला वाटलं झोपले. तेवढ्यात माझ्याकडून एक ओळ सुटली.

"एकशे चाळीस खाल्लीस का रे?"

मी म्हटलं, काका, तुम्हीच वाचा, मी ऐकतो, पटकन उरकेल. तर म्हणाले, "मग तू शिकणार कधी?" शिकवणाऱ्या माणसांना समोरच्याला घाम फुटल्याशिवाय बरं वाटत नाही.

११ मार्च, सोमवार

आज अब्रूचं धुणं निघालं, तेही कोरडं. मी प्रोग्राम तीन नंबरवर नेला आणि घाईत धाकट्याच्या मापाची चिठ्ठीही सोबत नेली. तीन नंबरला वाटलं आपण आठ किलोचे. साठ किलो चादरी आणि पाणी आठ किलोपुरतं. घडीवाली मावशी दार उघडून बघते तर वरच्या चादरी ठणठणीत कोरड्या आणि गरम.

"घाईराव, चादरी धुतोयस की भाजतोयस?"

सगळा हॉल हसला. मी धावत येऊन काकांना सांगितलं, म्हटलं आता गेलीच नोकरी. काका खोकला येईपर्यंत हसले. "मी उलटं केलं होतं. धाकट्यात साठ किलोचं पाणी सोडलं. या खोलीत पोहता येत होतं."

१४ मार्च, गुरुवार

काकांबद्दल लिहायचं तर माणूस भला, पण आळशी. बटणं मीच दाबायची, कागद मीच शोधायचे. "कुठला दिवा लागलाय सांग बघू," असं दिवसातून वीस वेळा विचारतात. समोर तर दिसतोय! परीक्षा घ्यायची हौस. चहा ओततात तेव्हा कपात बोट बुडवून बघतात किती भरला ते. मला कसंतरीच होतं, पण थोरल्या माणसाला बोलायचं कसं? आजपासून चहा मी ओततो.

एक मात्र मानलं पाहिजे. मी जिन्यात असतानाच आतून म्हणतात, "ये रे. डावी चप्पल शिवून घे."

१९ मार्च, मंगळवार

चांगलं करायला गेलो आणि शिव्या खाल्ल्या. धाकट्याच्या बटणांवर वाळलेल्या डिंकाचे थेंब होते, एकावर एक, दुसऱ्यावर दोन, असे. इतकं घाणेरडं दिसत होतं. काका यायच्या आत नखानं खरवडून, फडकं मारून लख्ख केलं. काका आले, बटणांवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"घाण होती काका."

"माझी घाण होती ती." संध्याकाळी निघताना बघतो तर डिंकाची बाटली घेऊन बसलेले. म्हाताऱ्या माणसांच्या सवयी. माझ्या आजोबांची काठी कुणी हलवली तर ते जेवायचे नाहीत.

२५ मार्च, सोमवार

काका दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, दिवसभर मी एकटा.

दुपारी मावशी ब्लँकेट घेऊन आली. मुलांच्या वॉर्डातली ब्लँकेटं नवीन आलीत, जाड, मऊ. ती चार नंबरला धुतात. "हात लावून बघ." बघितलं. बुळबुळीत. साबण पुरता गेलाच नव्हता.

"काका उद्या येतील," मी म्हटलं.

"आणि गाडी आज जाते. बाळांच्या अंगावर साबण पाठवू?"

मी धाकट्यावर करून बघायला हवं होतं. पण त्याला दीड तास, मग वाचन, आणि वाचून कुणाला दाखवणार? गेलो चार नंबरपाशी, त्याच्याच पडद्यावर विसळणीची ओळ काढली, दोनाचे तीन केले. एक आकडा. ब्लँकेटं परत फिरवली. बाहेर आली ती सशाच्या पिल्लासारखी. मावशीनं गालाला लावून बघितलं आणि म्हणाली, "घाईराव, सुधारलास." मोठ्या बाई जाता जाता थांबल्या, "छान," एवढंच म्हणाल्या. त्या एवढ्यावर मी दोन दिवस जेवलो नाही तरी चालेल.

२६ मार्च, मंगळवार

काका दाताला गेले होते आणि काळा चष्मा घालून आले! उन्हाचा त्रास होतो म्हणे. खोलीत कसलं आलंय ऊन? मी म्हटलं, काका, हिरो दिसताय. म्हणाले, "दिसू दे कुणाला तरी काहीतरी."

चार नंबरचं सांगणार होतो. मनात दोनदा शब्द जुळवले. पण थोरल्याला परस्पर हात लावला हे सांगायचं म्हणजे पहिल्या दिवशीचा नियमच मोडला असं सांगायचं, आणि महिनासुद्धा झाला नाही. डिंकाचा राग ताजा आहे. ब्लँकेटं छान निघतायत ना? मग झालं. सवडीनं सांगू.

८ एप्रिल, सोमवार

आज वाचन होतं. गाऊनसाठी नवा बदल केलाय, कमी गरम पाण्यात धुवायचं. धाकट्यावर पाच वेळा धुऊन बघितलं. उद्या दहाही थोरल्यांकडे न्यायचं.

चार नंबरचं वाचन मी आकडे खडखड म्हणत चाललो होतो. आता मला ओळी बऱ्यापैकी येतात, अडखळत नाही. आणि आली ती ओळ. दोनशे बारा. धाकटं, विसळणी दोन. खाली थोरलं, विसळणी तीन. माझा स्वतःचा तीन, कागदावरून माझ्याकडे बघतोय. त्याला मी साफ विसरलो होतो.

तोंडातून निघालं, "दोन."

काका म्हणाले, "परत वाच."

"धाकटं, विसळणी दोन. थोरलं, विसळणी दोन."

काका म्हणाले, "बरं, पुढे."

चार नंबरची दुसरी प्रत त्यांच्या मांडीवर होती. संशय आला होता तर खाली बघायचं की! बघितलं असतं तर मी पकडला गेलो असतो आणि सुटलोही असतो. त्यांनी बघितलं नाही, म्हणजे मला वाटतं त्यांना संशय आलाच नव्हता. उद्या नवा प्रोग्राम माझा तीन पुसून टाकेल, मग चार नंबरवर जाऊन मी गुपचूप परत तीन करीन.

९ एप्रिल, मंगळवार

केलं नाही. काका दिवसभर माझ्या खांद्यावर हात ठेवून हॉलमधून फिरत होते. एवढी माया अचानक कुठून आली कळत नाही, पण त्यामुळे मला चार नंबरपाशी एकटं जाताच आलं नाही.

१२ एप्रिल, शुक्रवार

वॉर्डातून साठ ब्लँकेटं परत आली. दोन मुलांच्या मानेवर लाल चट्टे उठलेत. बरोबर नर्सबाईंची चिठ्ठी, "धुवून पाठवत जा."

मोठ्या बाई खोलीत आल्या, दार लावून घेतलं. मी बाहेर. तरी ऐकू आलं. "काका, तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं. बाहेरच्या कंपनीला द्यायचं का हे काम?" काका बाहेर आले तेव्हा भिंतीला हात लावून चालत होते, इतका धक्का बसला होता. मला म्हणाले, "चल, वाचू. कुठे सुटलं बघू." आणि मी म्हटलं, डोकं दुखतंय.

मला जेवण गेलं नाही. लिहितोय पण आता यात लिहून काय होणार?

१३ एप्रिल, शनिवार

सगळं लिहितो, हात दुखला तरी.

मोठ्या बाईंनी मला एकट्याला बोलावलं. बसायला सांगितलं, म्हणजे गंभीर.

"एक विचारते, खरं सांग. काकांना नीट दिसतं ना?"

मला रागच आला. म्हटलं, "बाई, काहीतरीच काय! मी जिन्यात असतो तेव्हाच मला ओळखतात, मान न वळवता. चहा ओततात तर कपाकडे बघतसुद्धा नाहीत, बोटानं मोजतात, थेंब सांडत नाही. चारशे ओळी तोंडपाठ. त्यांना कागदाची गरजच पडत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वाचतं कोण?"

"मी. मला शिकवायचं म्हणून."

"नेहमी तूच?"

"पहिल्या दिवसापासून. एक ओळ ते वाचत नाहीत, इतकी शिस्त! तुमच्या बाहेरच्या कंपनीत असला माणूस मिळेल का?"

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. मला वाटलं माझं पटलं नाही. तेव्हा मग बाहेर पडलंच तोंडातून. चार नंबरला परस्पर हात लावल्याचं. दोनाचे तीन. आठ तारखेला तीनला दोन वाचल्याचं, तेही दोनदा. नवा प्रोग्राम आला आणि माझा तीन पुसून गेला. "काकांनी विचारलं होतं परत वाच म्हणून. चूक त्यांची नाहीच. मला गठ्ठ्यांवर पाठवा, नाही तर घरी पाठवा."

"हे काकांना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे काय करतोयस?"

जिना उतरून गेलो. काका म्हणाले, "आलास? आज पाय ओढतोयस." उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दुसऱ्यांदा वाचलंस तेव्हा तुझा आवाज बसला होता," ते म्हणाले. "मला वाटलं घसा धरला असेल."

"मग कागदात बघायचं ना काका! मांडीवर तर होता!"

काकांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "तू वाचतोस तेव्हा मी ऐकतो. तू एक ओळ गिळलीस की ती माझ्यापुरती जगात नसते. कळलं?"

कळलं. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता आणि मी त्याच्यावर गरम पाणी ओतलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करायचं म्हणजे? धाकट्यात तीन कर. तिथे ब्लँकेट घाल. मी कुठे सांगितलंय की तुझा तीन चुकीचा होता?"

१६ एप्रिल, मंगळवार

काल धाकट्यावर तीन विसळण्या घालून पाच वेळा धुतलं, वाचन केलं, आज दहाही थोरल्यांकडे नेलं. आता धाकट्यात तीन, थोरल्यांत तीन. कुणी पुसून टाकायचं म्हटलं तरी दुसरीकडे असणारच. हे आधीच केलं असतं तर?

साठ ब्लँकेटं द्यायला गाडीबरोबर मी स्वतः गेलो. नर्सबाई म्हणाल्या, "तूच का तो साबणवाला?" मी हो म्हटलं. त्यांनी एक मुलगी दाखवली, चारेक वर्षांची, मानेला मलम. तिनं ब्लँकेट ओढलं, नाकाशी धरलं आणि मला म्हणाली, "वासच नाही याला." मी म्हटलं, नाहीच यायला पाहिजे. ती नाराज झाली.

२३ एप्रिल, मंगळवार

बाईंनी मला काही सांगितलं नाही, म्हणजे शिक्षा शिल्लक आहे. मात्र काकांकडे त्या तीनदा येऊन गेल्या, दार लावून. काल काका आत मोठ्यानं हसत होते. गेल्या आठवड्यापासून मला नवंच काम लागलंय, सगळं वाचून दाखवायचं. आलेली पत्रं, साबणाच्या डब्यावरची माहिती, अगदी जिन्यातली नोटीसही. ही माझी शिक्षा असणार. गंमत म्हणजे मला ती आवडायला लागलीय, पण तसं दाखवत नाही.

मावशीनं विचारलं, "डिंक संपला काय रे? काकांना आणून दे एक बाटली." आणून दिली. थेंब मी घातले, ते सांगतील तसे. एकावर एक, दुसऱ्यावर दोन.

३ मे, शुक्रवार

दोन महिने आज भरले. मी सामान अर्धं बांधूनही ठेवलं होतं, सवयच आहे.

अकराला बाईंचं पत्र आलं. काका म्हणाले, "वाच."

वाचलं. प्रोग्राम धाकट्याकडून थोरल्यांकडे नेण्याचं काम यापुढे दोघांनी मिळून करावं. वाचणार मी, ऐकणार आणि ठरवणार वायरमन. एकट्यानं कुणीही काही नेऊ नये. दोघांची नेमणूक दोन वर्षांसाठी, एकत्र. एक जण सोडून गेला तर दुसऱ्याचं काम चालू ठेवता येणार नाही.

"शेवटचं परत वाच."

परत वाचलं. या वेळी आवाज नीट होता. बाई फार हुशार आहेत. मी पळणारा माणूस, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. म्हणून मला बांधायला काकांना खुंटी केलं. मी गेलो तर काकांची नोकरी जाणार. बिचाऱ्यांना माझ्यापायी अडकवलं! मी तसं बोललोही. "काका, माझ्यासाठी तुम्हाला कशाला गुंतवलं? नको म्हणून सांगू का?"

काका चष्मा काढून पुसत बसले होते. स्वच्छ चष्मा, पण पुसतच होते. म्हणाले, "नको. राहू दे. मी चालवून घेईन."

मी सही केली. त्यांनी कुठे करायची विचारलं, मी बोट धरून जागा दाखवली.

५ मे, रविवार

ताईचा फोन. मेहुण्यांच्या ओळखीत ट्रकवर जागा आहे, घरापासून जवळ, रोज नवा रस्ता. "तुझ्यासाठीच केल्यासारखी. मंगळवारपर्यंत ये."

"मंगळवारी जमायचं नाही. वाचन आहे."

"कसलं वाचन?"

"मी वाचतो. काका ऐकतात."

ताईनं पलीकडे टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "तू वाचतोस? आणि कुणी बसून ऐकतं?"

"एकच माणूस. पण ओळ सुटू देत नाही."

"फेकू नकोस हं."

"अगं शपथ."

"मग मला वाच."

मंगळवारचा कागद मी सरावाला घरी आणला होता. तोच उघडला. ओळ एक, पाणी, चाळीस. ओळ दोन, झाकण बंद. तिला यातलं ओ की ठो कळणार नाही, मी मध्येच म्हटलं, ठेवू का ताई, कंटाळशील.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "पुढे."

एकशे चाळीसपर्यंत वाचलं. तिनं फोन ठेवला नव्हता.